आरसी विमान: एकट्यानं शिकायचं की कुणाच्या हाताखाली?

आरसी, म्हणजे रेडिओनं चालवायचं विमान उडवायला एकट्यानं शिकता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुनी मंडळी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी 'शिक्षकाशिवाय हात लावू नकोस' म्हणून घाबरवतात आणि तो बिचारा विमान खोक्यातच ठेवून देतो. ईपीओ फोमचं, पंख वर बसवलेलं, १.२ ते १.५ मीटर पंखविस्ताराचं ट्रेनर (शिकाऊ विमान), संगणकावरचा एक बरा सिम्युलेटर आणि मोकळं मैदान असेल तर चिकाटीचा माणूस स्वतःच्या बळावर शिकतो. अडचण दुसरीकडे आहे. एकट्याचं विमान पडतं तेव्हा ते का पडलं हे सांगणारं शेजारी कुणी नसतं, आणि नवख्याचा स्वतःचा अंदाज हमखास भलतीकडे जातो.

ठरलेलं वाक्य असतं: 'सिग्नल गेला, विमान ऐकेनासं झालं.' मग विमानात नवा रिसीव्हर येतो, एखादा हातातला ट्रान्समीटरच बदलतो. दुरुस्त झालेलं विमान पुन्हा हवेत जातं आणि उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर पुन्हा तसंच पडतं. २.४ गिगाहर्ट्झच्या संचाचा रेंज चेक (दुरून सिग्नल पोचतो ना, ही तपासणी) केलेला असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर शंभर मीटरवरच्या विमानाचा सिग्नल तुटणं दुर्मिळ. ते विमान स्टॉल झालेलं असतं, म्हणजे पंखाची उचलच गेलेली असते. या एका गोष्टीवर इथे गरजेपेक्षा जास्त लिहिणार आहे. ज्यांना हे पाठ आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

पंखावर हवा ज्या कोनात येते तो कोन मर्यादेबाहेर गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचल कोसळते. हा कोन वाढवते एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या हलत्या पट्टीची स्टिक. नवख्याच्या डोक्यात मात्र एलिव्हेटर म्हणजे वर जायचं बटण. विमान खाली येताना दिसलं की अंगठा आपोआप स्टिक मागे ओढतो. वेग असेल तर विमान चढतंही, आणि सवय पक्की होते. वेग नसतो त्या दिवशी हीच सवय विमान जमिनीत घालते.

आता यात वारा मिसळा. खाली उभ्या माणसाला विमानाचा जमिनीच्या तुलनेतला वेग दिसतो, पंखाला कळतो तो हवेच्या तुलनेतला. समजा वारा ताशी १५ किलोमीटर आहे आणि विमान हवेत ताशी ३५ नं जातंय. वाऱ्यासोबत जाताना ते ५० नं पळताना दिसेल, वाऱ्याविरुद्ध येताना २० नं. उतरण्याच्या फेरीत विमान आधी वाऱ्यासोबत समोरून जातं. ते सुसाट वाटतं, म्हणून थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी होतं आणि उंची जाऊ नये म्हणून नाक थोडं वर धरलं जातं. डोळ्यांना आता ताशी ४० दिसतात, छान आटोक्यात वाटतं. पंखाला मिळतात फक्त २५. आणि इथेच वळण सुरू होतं. पंख कलले की उचलीचा काही भाग विमान वळवण्यात खर्च होतो, तेवढीच उंची टिकवायला जास्त उचल लागते आणि स्टॉलचा वेग वाढतो: ३० अंश कलवलं तर सुमारे ७ टक्के, ४५ अंशांना १९, ६० अंशांना ४१. सरळ उडताना ताशी २१ ला स्टॉल होणारं विमान ४५ अंशांच्या वळणात २५ लाच होतं. म्हणजे आपण नेमके काठावर उभे असतो आणि अंगठा अजून एलिव्हेटर ओढतच असतो.

दोन्ही पंख क्वचितच एकदम उचल सोडतात. एक आधी सोडतो, विमान त्या बाजूला लोळतं, नाक खाली जातं. डावीकडे पडलं म्हणून तुम्ही उजवीकडे स्टिक देता. त्यानं डाव्या पंखाचं आयलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) खाली वळतं, तिथला कोन आणखी वाढतो आणि आधीच स्टॉल झालेला पंख अधिकच स्टॉल होतो. उजवी दिली आणि विमान आणखी डावीकडे गेलं! 'ऐकेनासं झालं' ते हे. रिसीव्हरनं तुमचं म्हणणं शब्दशः ऐकलेलं असतं.

सुटका अशी: एलिव्हेटर सोडा, थ्रॉटल पूर्ण द्या, वेग येऊ द्या, मग पंख सरळ करा आणि शेवटी अलगद नाक वर आणा. जमीन १० मीटरवर असताना आणि नाक खाली गेलेलं असताना स्टिक सोडणं माणसाच्या स्वभावातच नाही, म्हणून हे उंचीवर घोटवून घ्यावं लागतं. ६०-७० मीटरवर जा, नाक वाऱ्याकडे ठेवा, थ्रॉटल बंद करा आणि एलिव्हेटर हळूहळू मागे न्या. स्टॉलच्या आधी विमान कसं ढिलं वागतं, कोणता पंख आधी सोडतो, सावरेपर्यंत किती उंची जाते, हे बघून ठेवा. सरळ रेषेत हात बसला की हलक्या वळणात तेच करा. उतरण्याच्या फेरीत मात्र कल ३० अंशांच्या आत, नाक क्षितिजाच्या किंचित खाली; उंची थ्रॉटलनं सांभाळायची आणि वेग एलिव्हेटरनं. धावपट्टीच्या रेषेत आल्यावर उंची कमी पडली तर थ्रॉटल वाढवा, एलिव्हेटर ओढू नका.

धीर द्यायचा तर एवढं नक्की: ट्रेनरचा जाड, खालून सपाट पंख आणि दोन्ही टोकांना वर दिलेला उठाव हे याच चुका पोटात घालण्यासाठी असतात. उंची हाताशी असेल तर पुष्कळदा दोन्ही स्टिक सोडणं हाच उत्तम उपाय ठरतो.

पडण्याचं कारण शोधायला शिक्षक नसेल तर व्हिडिओ घ्या. कुणाला तरी मोबाइल धरायला सांगा, आणि चित्राइतकाच आवाजही ऐका. एक पंख अचानक पडला आणि मागोमाग नाक, तर स्टॉल. स्टिक एकाच बाजूला धरलेली आणि विमान ठरावीक चालीनं त्या बाजूला अधिकाधिक कलत गेलं, तर दिशा चुकली. विमान तुमच्याकडे येत होतं आणि डावं-उजवं उलटं झालं. हातातून सुटता सुटताच लोळलं तर आयलेरॉन उलटी जोडलेली असण्याची शक्यता मोठी. सुटल्यावर नाक वर-खाली, वर-खाली करत गेलं आणि कोणत्याही थ्रॉटलला स्थिरावलं नाही, तर सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, मागे आहे. खरंच सिग्नल गेला असेल आणि फेलसेफ (सिग्नल जाताच मोटर बंद करणारी सोय) नीट बसवलेला असेल, तर आधी मोटरचा आवाज थांबतो. पडेपर्यंत मोटर तुमच्या थ्रॉटलप्रमाणे वाजत असेल तर रिसीव्हरला दोष देऊ नका.

यातली दोन कारणं घरीच संपतात. विमान शेपटीकडून बघा: स्टिक उजवीकडे, तर उजवं आयलेरॉन वर. स्टिक मागे, तर एलिव्हेटरची मागची कड वर. नुसतं 'हलतंय' एवढंच बघून पुढे जाणारे फार, आणि त्यांचं पहिलं उड्डाण दोन सेकंदांचं असतं. जायरो (विमान हललं की आपोआप उलट सुधारणा देणारं यंत्र) असेल तर त्याचीही दिशा तपासा: विमान हातानं उजवीकडे कलवलं की उजवं आयलेरॉन खाली गेलं पाहिजे. सीजी माहितीपत्रकात दिलेल्या जागी, बहुतेक ट्रेनरना पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांच्या पट्ट्यात. शंका असेल तर बॅटरी पुढे सरकवा. नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, शेपूट जड असलेलं हातात राहत नाही. मोटर किंचित खाली आणि उजवीकडे झुकलेली दिसली तर ती वाकडी बसली म्हणून सरळ करू नका. थ्रॉटल दिल्यावर विमान डावीकडे ओढलं जाऊ नये, नाक उचललं जाऊ नये म्हणून तो कोन मुद्दाम दिलेला असतो. आणि ही सगळी जुळवाजुळव प्रॉपेलर काढून. लिपो बॅटरी जोडली म्हणजे प्रॉपेलर फिरतोच आहे असं समजून वागा.

ट्रान्समीटरवर ड्युअल रेट (पट्ट्या जास्तीत जास्त किती हलाव्यात) ६०-७० टक्के, एक्स्पो (स्टिक मधोमध असताना प्रतिसाद किती मऊ) २५-३० टक्के ठेवा. एक्स्पोचं चिन्ह मात्र बघा: फुटाबा कंपनीच्या ट्रान्समीटरवर मधला भाग मऊ करायला ऋण आकडा लागतो, स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरवर धन. उलटं दिलंत तर मधोमध विमान बिथरल्यासारखं वागेल. ३एस (तीन सेलची) २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरला, समोर बसून चार्ज करा. टायमर सुरुवातीला पाच मिनिटांवर ठेवा आणि उतरल्यावर प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या वर आहे ना ते बघा. व्होल्टेज कमी दिसलं तर टायमर कमी करा.

आता जवळच्या वाटांबद्दल. विमान आपोआप सरळ करणारा मोड मला शिकण्यासाठी आवडत नाही. त्यात वळण टिकवायला स्टिक धरून ठेवावी लागते, सोडली की पंख सरळ होतात. साध्या मोडमध्ये स्टिक सोडली तरी कल तसाच राहतो, सरळ करायला उलट दिशेला द्यावी लागते. म्हणजे महिनाभर एक सवय लावायची आणि मग तिच्याविरुद्ध शिकायचं. पॅनिक बटण म्हणून तो मोड एका स्विचवर ठेवा, त्याला ना नाही. फक्त झुळूक मंद करणारा जायरो वेगळा, तो चालेल.

सिम्युलेटरबद्दल मत उलटं आहे. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटतं, हा गोंधळ घालवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण स्वतःचाच ट्रान्समीटर जोडा, कॅमेरा विमानामागे न ठेवता जमिनीवर एका जागी ठेवा आणि वारा ताशी १०-१५ किलोमीटर लावा. बिनवाऱ्याचा सराव मैदानावर फार कामाला येत नाही. तोंड समोर असताना 'उजवं की डावं' असा विचार करूच नका. जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक द्या, जणू त्याला टेकू लावताय. आठचा आकडा दोन्ही दिशांनी, न अडखळता, सलग पाच मिनिटं जमत नाही तोवर मैदानावर जाऊ नका. सिम्युलेटर अंतराचा अंदाज मात्र शिकवत नाही. उतरताना विमान धावपट्टीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे खऱ्या हवेतच कळतं.

म्हणून शिक्षक मिळत असेल तर त्याला कुठे वापरायचं हे ठरवा. स्टिक कोणत्या बाजूला काय करते हे शिकवायला तो नको. तीन ठिकाणी त्याला तोड नाही: नव्या विमानाचं पहिलं उड्डाण आणि ट्रिम (स्टिक सोडल्यावर विमान सरळ जाईल अशी जुळवणी), वारा असतानाच्या उतरण्याच्या फेऱ्या, आणि पडल्यानंतरचा निदानाचा एक मिनिट. हा शेवटचा मिनिट लोक फुकट घालवतात, तुकडे गोळा करण्यात.

उत्तम उडवणारा उत्तम शिकवतो असं नसतं. कसरती करणाऱ्यांत धीर कमी असतो. तुमचं विमान जरा कललं की ते ताबा घेतात आणि तुम्हाला चूक सावरायची संधीच मिळत नाही. शिकवणाऱ्याला विचारा: ताबा कोणत्या उंचीखाली घेणार? ज्याच्याकडे या प्रश्नाचं ठाम उत्तर आहे तो बरा. शब्दही आधीच ठरवा. 'डावीकडे!' म्हणजे विमानाची डावी की तुमची, हा वाद हवेत घालता येत नाही. 'ताबा माझा', 'ताबा तुझा' हे मोठ्यानं बोलायचं. बडी बॉक्स (शिक्षक आणि शिकणाऱ्याचे ट्रान्समीटर जोडायची सोय) नसेल आणि ट्रान्समीटर हातातून हातात द्यायचा असेल, तर ते फक्त उंचीवर आणि सरळ उड्डाणातच. खाली आल्यावर हिसकाहिसकी झाली तर विमान गेलंच.

शिक्षक एक-दोन सकाळीच मिळणार असेल तर पहिल्या उड्डाणात त्यालाच ट्रिम करू द्या. उतरल्यावर लिंकेज (हलत्या पट्ट्यांना जोडलेल्या सळया) फिरवून पट्ट्या त्याच जागी आणा आणि ट्रिम शून्यावर घ्या. पुढचा सगळा वेळ फेऱ्यांना: धावपट्टीवरून ५ मीटरवर यायचं, टेकवायचं नाही, थ्रॉटल देऊन निघून जायचं, डावीकडून आणि उजवीकडून. अशा दहा फेऱ्या शांतपणे झाल्या की टेकवणं वेगळं शिकावं लागत नाही. आणि बडी बॉक्सची जोडणी आदल्या दिवशी, प्रॉपेलर काढून तपासा. बऱ्याच जुन्या जोडण्यांत दोन्ही ट्रान्समीटरचे ट्रिम आणि रिव्हर्स (पट्टीची दिशा उलटवणारी सेटिंग) जुळले नाहीत तर ताबा बदलताना विमान उडी घेतं. हे मैदानावर जुळवत बसलात तर वारा पडलेली सकाळची वेळ त्यातच जाते.