हनिमूनला मालदीव की बाली? पैसे भरायच्या आधी या चुका टाळा

आमच्याकडे विदर्भात तूर-हरभरा विकला गेला, कापसाचे शेवटचे पैसे हाती आले की लग्नं लागतात, म्हणजे एप्रिल-मे. लग्न ठरलं की पोरगं मोबाईल समोर धरतं, निळंशार पाणी, पाण्यावर लाकडी खोली, आणि म्हणतं, "भाऊ, दोघायचे पासपोर्ट काढून द्या, मालदीवले जाचं हाय." तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं माझं काम आहे, त्यामुळे असे नवरदेव रोजचेच. मी पहिले एकच विचारतो, लग्न कोणत्या महिन्यात? बहुतेकांना वाटतं हा काहून विचारून राहिला, पण अर्धा निकाल तिथंच लागतो.

भाव बघितला, महिना नाही बघितला

सगळ्यात मोठी चूक हीच. मालदीवमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर नैऋत्य मान्सून असतो, म्हणजे आपल्याकडे लोक मृगाची वाट बघत असतात तेव्हा तिथं पावसाळा लागून गेलेला असतो. दिवसभर धो धो पडतोच असं नाही, चार तास मस्त ऊनही निघतं, पण वारा असतो, समुद्र खवळलेला असतो, स्पीडबोट आपटत जाते. मे-जूनमध्ये पॅकेज स्वस्त दिसतं ते यामुळे, एजंट तुमच्यावर खूश आहे म्हणून नाही. अंदमानचंही तसंच, मे अर्ध्यावर आला की पाऊस. फुकेत-क्राबीकडचा थायलंडही मेपासून ओला. पण त्याच थायलंडचं कोह सामुई दुसऱ्या बाजूच्या समुद्रात आहे, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणून "थायलंडचा सीझन कधी" असं विचारूच नये, गाव विचारावं.

मग मेच्या लग्नवाल्यानं जायचं कुठं? बाली. विषुववृत्ताच्या खाली आहे, तिथं साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडे महिने. मॉरिशसही चालतं, तिथं तेव्हा हिवाळ्याकडं जाणं सुरू असतं, हवा छान, फक्त समुद्राचं पाणी जरा गार लागेल. तुळशीच्या लग्नानंतर डिसेंबर-फेब्रुवारीत लग्न असेल तर सगळं उलटं होतं, तेव्हा मालदीव, अंदमान, क्राबी एकदम भारी, बालीत पाऊस आणि मॉरिशसकडे चक्रीवादळांचा मोसम. बालीला मार्चमध्ये जाणाऱ्यांनी न्येपीची, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या मौनाच्या नववर्षाची, तारीख नक्की बघावी, त्या दिवशी अख्खं बेट बंद असतं, विमानतळसुद्धा २४ तास बंद, आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या बाहेर पडता येत नाही.

अजून एक गोष्ट, "आम्ही ४५ डिग्रीत राहणारे, आम्हाले काय गरमी सांगता" असं म्हणणारे तिथं पहिल्याच दुपारी गळतात. आपली गरमी कोरडी, घाम लगेच उडतो, म्हणून कूलर चालतो. तिथं पारा ३०-३१ वरच असतो पण हवेत पाणी भरलेलं, घाम वाळतच नाही, अंगाला कपडे चिकटतात. नवरीनं जरीच्या साड्या अन् नवरदेवानं जाड जीन्स भरून नेली की संपलं. सुती कपडे न्या, आणि एसी खोली आहे का ते विचारूनच पैसे द्या.

पॅकेजमधला मोठा आकडा वाचला, बारीक अक्षर राहून गेलं

मालदीवचं पॅकेज घेताना नाश्ता फक्त आहे की दोन्ही वेळचं जेवण, हे आधी बघा. एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट असा प्रकार, बाहेर टपरी नाही, ढाबा नाही, रात्री भूक लागली तर जे आहे ते तिथंच आणि त्यांच्याच भावानं. मेनूवर भावापुढं दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजा की वर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि १७ टक्के टॅक्स लागणार, म्हणजे ६० डॉलर लिहिलेलं जेवण बिलात ७७ डॉलरवर जातं. एका माणसाचं! शिवाय रिसॉर्टवर ग्रीन टॅक्स, माणशी रात्रीला १२ डॉलर, दोघं चार रात्री राहिले की ९६ डॉलर हेच झाले. पॅकेजमध्ये हे धरलंय का, विचारा.

बेटावर पोचायचं सीप्लेननं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानानं, की बोटीनं, तेही विचारा. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. आपण गावाहून रात्री निघणार, नागपूरहून विमान पकडणार, मालेला, म्हणजे मालदीवच्या राजधानीला, थेट विमान नाहीच म्हणून मधे मुंबई नाहीतर बंगळूर, आणि संध्याकाळी माले गाठलं तर ती रात्र मालेजवळच्या हॉटेलात काढावी लागते, तीही आपल्या खर्चानं. पाण्यावरच्या खोलीचे पैसे भरलेले, झोपला मात्र विमानतळाजवळ. बजेट कमी असेल तर माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर गेस्टहाऊस घ्या, स्वस्त पडतं, पण तिथं दारू मिळत नाही आणि पोहायचे कपडे ठरलेल्या बीचवरच चालतात.

बालीला व्हिसा ऑन अरायव्हल, म्हणजे तिथं उतरल्यावर मिळणारा व्हिसा, ५ लाख रुपिया आणि वर पर्यटक कर दीड लाख रुपिया, दोन्ही माणशी. आकडा ऐकून घाबरू नका, रुपिया म्हणजे इंडोनेशियाचं चलन, आपला रुपया नाही. पण तेवढे पैसे वेगळे ठेवा.

लग्नानंतरच्या आडनावानं तिकीट

हे माझ्या टेबलावर येणारं रोजचं दुखणं. पोरीचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आणि दीर हौसेनं सासरच्या आडनावाचं तिकीट काढतो. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच पाहिजे, एवढंच. माहेरच्या नावाच्या पासपोर्टवर नवऱ्यासोबत फिरायला काही अडत नाही, बदल करायचा तर आल्यावर सावकाश करा. पासपोर्ट नवीन काढायचा असेल तर साखरपुडा झाला की लगेच अर्ज टाका, कारण पोलीस व्हेरिफिकेशनला माणूस घरी येतो तेव्हा पोरगी शिकायला नाहीतर नोकरीला पुण्यात असते आणि फाईल तिथंच लटकते. जुना असेल तर जायच्या तारखेपासून सहा महिने तरी मुदत शिल्लक पाहिजे.

बॅगेत काय जातंय ते बघितलंच नाही

आई प्रेमानं डबा भरते. सावजी मसाल्यात खसखस असते, आणि खसखस सिंगापूर आणि यूएई दोन्हीकडे बंदी असलेली चीज आहे. बाली-मॉरिशसची स्वस्त तिकिटं बऱ्याचदा याच बाजूनं जातात, म्हणून तो मसाला घरीच राहू द्या. मालदीवला पूजेची मूर्ती न्यायला बंदी आहे, सासूबाईंनी बॅगेत छोटा गणपती ठेवला असेल तर काढून देवघरात ठेवा, रागवू नका त्यांच्यावर. आणि खर्रा! सिंगापूरला तोंडात चघळायच्या तंबाखूलाच बंदी. तसंही ज्याला सकाळी खर्रा लागल्याशिवाय बोलता येत नाही त्यानं लग्नाच्या आधीच सोडलेला बरा, नाहीतर हनिमूनचे पहिले दोन दिवस चिडचिडीत जातात, अन् बायकोला वाटतं हा माणूसच असा आहे.

शुद्ध शाकाहारी असाल तर मालदीवच्या स्थानिक जेवणात जिकडेतिकडे मासळी, रिसॉर्टला आधी मेल करून ठेवा. बालीत भारतीय हॉटेलं सापडतात.

पाण्याची भीती लपवून ठेवणं

विहिरीत सूर मारणारा पोरगा समुद्रात पोहतोच असं नाही. विहिरीला लाटही नाही अन् ओढही नाही. बालीच्या कुटासारख्या किनाऱ्यावर परतीची ओढ जबर असते, लाल झेंडा दिसला की गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरणं, करायचं असेल तर दमा, कानाचा त्रास लपवू नका, आणि विदर्भात सिकलसेल बराच आहे, घरात कोणाला असेल तर आधी रक्त तपासून डॉक्टरला विचारा, सिकलसेलचा आजार असलेल्यानं डायव्हिंग करूच नये. डाइव्हनंतर १८ ते २४ तास विमानात बसायचं नसतं, म्हणून शेवटच्या दिवशी स्कूबा ठेवणारं पॅकेज सरळ बदलून मागा.

आणि पोरीला विचारा हो! ती बोटीत बसली की उलट्या करत असेल, पाण्यावरच्या खोलीत रात्रभर खालून लाटांचा आवाज येऊन झोप लागणार नसेल, तर रील कितीही चांगली असो. तिच्या पाळीची तारीख धरून तिकीट काढणं यात लाजण्यासारखं काही नाही. दोघांपैकी एकाला बाजार, देवळं, गर्दी आवडत असेल तर एका बेटावर चार दिवस बसून जीव कंटाळतो, त्यांना बाली बरी. नुसतं झोपायचं आहे, लग्नात पाहुण्यांनी जीव खाल्ला, अशांना मालदीव. पासपोर्टची भानगडच नको आणि समुद्र तर पाहिजे, तर थंडीत स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. तिथं राधानगर बीच आहे, भाषेचं टेन्शन नाही.

पैसे भरताना

परदेशी टूर पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आधीच वसूल केलेला आयकर, घेतो. तो सरकारकडे तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं की मिळतो. आता शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून आपल्याकडे कित्येक जण रिटर्न भरतच नाहीत, आणि हे पैसे तसेच पडून राहतात. ज्याच्या नावावर पॅकेज त्याचाच पॅन द्या, मामाचा नको, आणि त्या वर्षी रिटर्न भरा.

ॲडव्हान्स द्यायच्या आधी जेवण किती वेळचं, बेटावर नेणं-आणणं कशानं, टॅक्स आत की बाहेर, रद्द केलं तर किती परत, हे एजंटकडून त्याच्या लेटरहेडवर घ्या. व्हॉट्सॲपवर नुसतं "हो दादा होऊन जाईल" आलं असेल तर पैसे थांबवा.