गाडीचं पांढरं पडलेलं काळं प्लास्टिक परत काळं कसं करायचं

आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा 42-43 च्या वर जातो, गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, मग दोन-तीन वर्षांत बंपरची खालची बाजू, चाकावरची क्लॅडिंग (काळी प्लास्टिकची पट्टी), वायपरखालची जाळी सगळं राखाडी दिसायला लागतं. ऊन प्लास्टिकचा वरचा थर खातं, तो भुसभुशीत होतो आणि पांढुरका दिसतो. आतलं प्लास्टिक मात्र काळंच असतं, म्हणून लगेच नवीन पार्ट घ्यायच्या नादी लागू नका.

आधी एक बघा, तो पांढरेपणा उन्हाचाय का बोअरच्या पाण्याचाय. आपलं बोअरचं पाणी जड, त्याचे डाग वाळले की क्षार बसतो आणि लोकांना वाटतं प्लास्टिकच गेलं. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून कोपऱ्यात घासा, डाग निघाला तर क्षार होता, साध्या पाण्यानं धुवा, काम झालं.

उन्हाचंच असेल तर खरी मेहनत धुण्यात आहे आणि लोक नेमकी तिथंच घाई करतात. सकाळी सावलीत, प्लास्टिक हाताला थंड लागतंय तेव्हाच सुरू करा. कार शॅम्पू घ्या, जुनं सिलिकॉनचं पॉलिश बसलेलं असेल तर ऑल पर्पज क्लीनर घ्या, आणि नरम ब्रशनं घासा, कारण प्लास्टिक दाणेदार असतं आणि त्या खाचांतली धूळ नुसत्या कपड्यानं निघतच नाही. फेस काळपट-मातकट येणं थांबेपर्यंत घासायचं. फटीतलं पाणी पण वाळू द्या, मग कपड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल (तेलकटपणा काढणारं, लगेच उडून जाणारं द्रव) घेऊन हात फिरवा. तेलकटपणा राहिला तर वरून कितीही भारी माल लावा, टिकणार नाही.

आता लावायचं काय? दुकानात स्वस्तात मिळतं ते चकाकणारं सिलिकॉन दोन दिवस भारी दिसतं, मग धूळ धरतं, पहिल्या पावसात उतरतं. खोबरेल तेलाचं पण तेच. काही जण डिझेल मारतात, ते तर अजिबात नको, दाराचं रबर फुगतं. माझं मत स्पष्ट आहे, प्लास्टिक ट्रिमसाठीचं, म्हणजे गाडीच्या या काळ्या भागांसाठीचं, सिरॅमिक कोटिंग (वाळून कडक होणारा संरक्षक थर) घ्या, किंवा फारच पांढरं पडलं असेल तर रंग असलेलं ट्रिम रिस्टोरर, म्हणजे प्लास्टिकला परत काळं करणारं द्रव. पैसे जास्त जातात पण महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. शेजारच्या पेंटवर मास्किंग टेप लावा, हातात ग्लोव्हज घाला, स्पंजावर थोडंसंच घेऊन पातळ हात द्या, जास्तीचं लगेच मायक्रोफायबरनं पुसा, नाहीतर पट्टे दिसतात. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर. पुढचा एक दिवस तरी पाणी लागू द्यायचं नाही, आणि आभाळ भरून आलं असेल तर कामच पुढं ढकला.

हीट गननं (गरम हवा सोडणारं यंत्र) प्लास्टिक काळं करायचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारायलेत की हे खरंच होतं का, तर हो, वरचा थर गरम होऊन सपाट होतो आणि काळा दिसतो, पण एका जागी क्षणभर जास्त थांबलं की दाणे वितळून चट्टा पडतो आणि तो परत जात नाही, काचेजवळ केलं तर काच तडकायची भीती. ऊन लागलं की ते परत पांढरं पडतंच. पहिल्यांदाच करत असाल तर राहू द्या.

वायपरखालची जाळी जर बोटानं दाबल्यावर कडकड तुटत असेल तर तिच्यावर मात्र काही लावू नका, ती बदलाच.