काँगा: तुंबाओचा हात आणि स्विंगचा हात

आफ्रो-क्यूबन संगीतात लय वाहण्याचे मुख्य काम काँगा, म्हणजे हातांनी वाजवायचा उंच ढोल, करतो, तर स्विंग जॅझमध्ये ते काम राइड झांज (ड्रमसेटमधील सतत वाजणारी मोठी झांज) आणि प्रत्येक मात्रेवर चालणारा बास आधीच करत असतात. म्हणून तुंबाओ, म्हणजे काँगाचा मूळ क्यूबन ठेका, नुसता झोकदार करून स्विंगमध्ये बसवला की काम झाले, असे समजू नये.

आधी तुंबाओ पक्का करावा. चार मात्रांच्या आठ अर्धमात्रा धराव्यात. उजव्या हाताच्या वादकाने पहिल्या मात्रेवर डाव्या तळहाताचा मनगटाकडचा भाग आणि तिच्या उत्तरार्धात त्याच हाताची बोटे टेकवावीत, दुसरीवर उजव्या हाताने स्लॅप (तुटक, कडक थाप) द्यावा आणि तिच्या उत्तरार्धात पुन्हा डावी बोटे टेकवावीत. तिसऱ्या मात्रेवर पहिलीसारखेच वाजवावे आणि चौथीच्या दोन्ही अर्धमात्रांवर उजव्या हाताने खुले (घुमू दिलेले) आघात द्यावेत. डाव्या हाताचे आघात जवळजवळ ऐकू येत नाहीत, पण लय त्यांच्यातूनच चालते. ते गाळले की ठेका लगेच लंगडा होतो. येथे अर्धमात्रा समान असतात आणि दोन आवर्तनांवर पसरलेला क्लावे, म्हणजे पाच आघातांचा आधारभूत लयबंध, सतत मनात चालू ठेवावा लागतो. तीन-दोन सोन क्लावेचे आघात पहिल्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर, दुसरीच्या उत्तरार्धात व चौथीवर, आणि दुसऱ्या आवर्तनात दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेवर पडतात. हे आघात तोंडाने म्हणत तुंबाओ वाजवता येईपर्यंत दुसरा काँगा जवळ घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

स्विंगमध्ये मध्यम गतीला मात्रेचे तीन भाग कल्पून उत्तरार्धाचा आघात तिसऱ्या भागावर न्यावा. गती वाढेल तसे हे अंतर आपोआप समान होऊ लागते. दुसऱ्या मात्रेवरचा स्लॅप हाय-हॅटशी (पायाने मिटवायच्या झांजांच्या जोडीशी) जुळतो, त्यामुळे तो ठेवावा, मात्र हलका. खरी अडचण चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात येते, कारण राइड झांजेचा उडता आघात नेमका तेथेच पडतो आणि दोघांच्या झोकात किंचित फरक असला तरी सगळी लय गढूळ ऐकू येते. तो खुला आघात मऊ करावा, किंवा एकाआड एक आवर्तनात सोडून द्यावा. मेट्रोनोमचा ठोका फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर ठेवून हा सराव करावा.

ऐकण्यासाठी दोन टोके घ्यावीत: १९४७ साली जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीच्या वाद्यवृंदात क्यूबन काँगावादक चानो पोझोने आणलेला क्यूबन ठेका, आणि १९६३ च्या गिटारवादक केनी बरेलच्या ‘मिडनाइट ब्लू’ या अल्बममधील काँगावादक रे बरेटो. बरेटोचा काँगा तेथे क्वचितच पुढे येतो. त्या ध्वनिमुद्रणासोबत वाजवताना आपल्या आघातांमुळे बास ऐकू येईनासा झाला, तर आवाज निम्म्यावर आणून तोच भाग पुन्हा वाजवावा.