कडक जमिनीवर टनेल रोवताना

टनेल म्हणजे पाईपच्या कमानींवर प्लास्टिक ताणून केलेलं, पिकं घ्यायचं घर. ते रोवायला जाताना चैत्र-वैशाखात पहार मारली की ठण्ण आवाज येतो, म्हणून जमीन भक्कम आहे असं धरून चालू नका. कोल्हापूर जिल्ह्यात ‘कडक’ हा एकच शब्द आपण तीन-चार वेगळ्या जमिनींना लावतो. शिरोळ-हातकणंगल्याची काळी रानं उन्हाळ्यात दगडासारखी होतात, पण मिरगाचा पाऊस पडला की तीच माती फुगते आणि मे महिन्यात घट्ट बसलेली खुंटी जुलैत हातानं हलते. पन्हाळा, शाहूवाडी, आजरा भागात जांभा आहे. बऱ्याच ठिकाणी वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तर डोंगरउतारावर थेट काळा पाषाण. आधी आपल्याकडे यातलं काय आहे ते बघा. ६० सेमी खड्डा घ्या, त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि सकाळी तळाला पहार मारा. रुतली तर ती काळी माती; तिच्यावर विसंबू नका, खालचा मुरूम लागेपर्यंत खाली जा.

टनेल वाऱ्यानं आडवं पडतं असं वाटतं, पण बहुतेक वेळा ते वर उचललं जातं. वाऱ्याचा दाब काढायचा साधा हिशेब आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घेऊन त्याच्या वर्गाला ०.६ नं गुणायचं; उत्तर न्यूटनमध्ये येतं, दहानं भागलं की किलो. ताशी ७२ किमीच्या वाऱ्यात चौरस मीटरला साधारण २४ किलो येतात. ३ × ६ मीटरच्या, म्हणजे १८ चौरस मीटरच्या टनेलला ढोबळमानानं ४३० किलोचा उचल. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर आतूनही दाब येतो आणि हा आकडा जवळपास दुप्पट होतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट, हेही लक्षात असू द्या.

याच मापाच्या टनेलला दीड-दीड मीटरवर ५ कमानी, म्हणजे १० पाय लागतात. एक इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप ६ मीटरचा येतो. ३ मीटर रुंदीची कमान एका पाईपात बसते आणि दोन्ही बाजूंना सुमारे ६० सेमी सरळ भाग उरतो. पायासाठी सव्वा इंची पाईपचे ७५ सेमीचे १० तुकडे कापा; कमान यात ३० सेमी उतरते.

आखणी करताना दोन्ही कर्ण मोजा. ३ × ६ ला कर्ण ६.७१ मीटर यायला हवा. इथं चार बोटं चुकलं तर प्लास्टिकला कायमची सुरकुती पडते आणि वारा तिथंच फडफड सुरू करतो.

मुरमात ३० × ३० सेमीचा, ४५ सेमी खोल खड्डा घ्या. आदल्या संध्याकाळी पाणी सोडलं तर टिकाव बरा चालतो. तळाशी खड्डा थोडा रुंद करा, मडक्याच्या पोटासारखा. मग काँक्रीट वर निघायला मुरमालाच सोबत उचलावं लागतं. गुळगुळीत पाईप काँक्रीटमधून सुटू शकतो, म्हणून तुकड्याच्या खालच्या टोकाला आरपार भोक पाडून १२ मिमीच्या सळीचा २० सेमी तुकडा आडवा घाला. पाईप ४० सेमी आत आणि ३५ सेमी वर राहू द्या, ओळंबा लावा, मग १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) माल ओता. एका खड्ड्यात सुमारे ९५ किलो काँक्रीट बसतं; दहांना सिमेंटची ३ पोती धरा. वरचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा, नाहीतर पाईपच्या बुडाशी पाणी साचून तिथंच गंज धरतो. काँक्रीटच्या लगेच वर पाईपला ६ मिमीचं भोक ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जाईल. सात दिवस ओली पोती टाकून पाणी मारा आणि त्याआधी प्लास्टिक चढवू नका. घाई इथंच नडते.

जांभ्यात खुंट्या ठोकू नका, कडा भुगा होऊन सुटतात. खड्डा वरच्यासारखाच, फक्त काँक्रीट ओतण्यापूर्वी भिंती चांगल्या भिजवा. कोरडा जांभा मालातलं पाणी ओढून घेतो आणि काँक्रीट कच्चं राहतं.

काळ्या पाषाणात खोदाई परवडत नाही. आधी हातोड्यानं ठोकून बघा: आवाज खणखणीत आला तर दगड एकसंध, बद्द आला तर तो सुटा किंवा भेगाळलेला, तिथं काही उपयोग नाही. प्रत्येक पायाला १०० × १०० × ६ मिमीची पट्टी वेल्ड करा, वेल्डिंगवर झिंक रंग मारा आणि दोन १२ मिमी थ्रेडेड (आटे पाडलेल्या) रॉडनी बसवा. १४ मिमी बिटानं २० सेमी भोक पाडा, ब्रशनं आणि सायकलच्या पंपानं धूळ पूर्ण काढा, मगच केमिकल अँकर (रॉड दगडात चिकटवणारं रसायन) भरून रॉड फिरवत आत घाला. भोकात राहिलेली धूळ हेच रॉड उपटण्याचं मोठं कारण. गच्चीवर मात्र भोकं पाडू नका, वॉटरप्रूफिंग जाईल. तिथं वजन टाकूनच भागवा, पण स्लॅबला ते पेलेल का हे इंजिनिअरला विचारून.

रॉड पक्का झाल्यावर जोर तपासा. दीड मीटरची पहार दगडाच्या टेकूवर ठेवा, आखूड टोक १५ सेमी राहू द्या आणि ते साखळीनं रॉडला बांधा. लांब टोकाला १० लिटर पाण्याची बादली अडकवा. रॉडवर ९० किलो ओढ येते, वर पहारीचं स्वतःचं वजन. दहा मिनिटं ढिम्म राहिला तर चालेल.

कडक जमिनीत प्लास्टिक पुरायला चर निघत नाही. म्हणून जमिनीपासून ३५-४० सेमीवर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम प्रोफाईल (प्लास्टिक अडकवायची खाचेची पट्टी) लावून २०० मायक्रॉनचं यूव्ही (उन्हात टिकणारं) प्लास्टिक झिगझॅग स्प्रिंगनं धरा. खालची झालर वाळूच्या पोत्यांनी दाबा, दगडांनी नको, ते घासून फाडतात. वारा सुटण्यापूर्वी, सकाळी ऊन चढल्यावर ९ ते ११ च्या दरम्यान ताणा. थंड असताना ताणलेलं दुपारी सैल पडतं. कमानीवर आधी पांढरी पट्टी गुंडाळा, तापलेल्या लोखंडाला टेकून प्लास्टिक तिथंच जळतं.

पाऊसकाळात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून लांबी पूर्व-पश्चिम ठेवा आणि दार पूर्वेला. वळवाचा वारा मात्र कुठूनही येतो. आभाळ भरून आलं की दार बंद करा. १०० मिमी पावसात या छतावरून १८०० लिटर पाणी पायाशी पडतं आणि कडक जमिनीत ते मुरत नाही, तेव्हा दोन्ही बाजूंना उताराची पन्हळ हवीच.

पहिला वळीव पडून गेला की सगळे बोल्ट आवळा आणि चारही कोपऱ्यांच्या पायांना पुन्हा ओळंबा लावा. एखादा पाय सेंटीमीटरभर जरी कलला असेल तर तो मिरगाआधी उकरून नव्यानं बसवा.