आगोटीच्या बेगमीत एक कागदही असू द्या

मे महिना सरत आला की कोकणात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरण्याची लगबग सुरू होते. तांदूळ, कुळीथ, सुकट, सोडे, आमसुले, सुकी लाकडे यांपैकी काय किती लागते हे घरातल्या बायांना कुणी शिकवावे लागत नाही, म्हणून अन्नाबद्दल मी येथे फारसे लिहिणार नाही. ही यादी वादळाच्या आणि पुराच्या त्या दिवसांसाठी आहे, जेव्हा वीज नसते, रस्ता झाडांनी अडलेला असतो, फोन लागत नाही आणि घरात एखादे आजारी माणूस असते. ती ख्रिस्ती घरासाठी असल्याने तिच्यात विजेरी आणि औषधांच्या बरोबरीने फादर आणि प्रार्थनाही येतील. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा आमच्या घरी तांदूळ होता, मेणबत्त्या होत्या, पाणी भरलेले होते. नव्हता तो फक्त एक कागद, आणि तो नसल्यामुळे जे सोसावे लागले ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

वडिलांना मधुमेह आणि दमा. त्यांच्या औषधांचा सगळा हिशेब थोरल्या बहिणीच्या डोक्यात, आणि बहीण टाळेबंदीमुळे मुंबईत अडकलेली. दुपारी वाऱ्याने पडवीची कौले उडवली, पाणी भिंतीतल्या कपाटात उतरले, आणि ज्या डायरीत डॉक्टरांचे, फादरांचे व नातलगांचे नंबर होते ती हाती आली तेव्हा तिची पाने एकमेकांना चिकटलेली होती. नंबर जेल पेनाने लिहिलेले असल्यामुळे आकड्यांच्या जागी नुसते निळे ओघळ राहिले होते. ‘फादर’ एवढा शब्द कसाबसा लागत होता, त्यापुढे काही नाही. संध्याकाळी वडिलांना धाप लागली. शेजारच्या आळीतली परिचारिका पडलेल्या पोफळी ओलांडून आली आणि तिने विचारले, कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, शेवटची कधी दिली, कोणते औषध सोसत नाही का? तिच्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वडील फादरांना बोलवा म्हणत होते, आणि फादर त्या दिवशी कोणत्या गावी आहेत हेही आम्हाला ठाऊक नव्हते. वडील त्यातून वाचले, पण ती रात्र त्यांनी संस्काराविना आणि अर्ध्यामुर्ध्या औषधावर काढली.

तेव्हा कागद आधी लिहावा, बाकीची तयारी मागाहून करावी. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव, वय, रक्तगट, आजार, रोजच्या औषधाचे नाव, त्याची मात्रा आणि वेळ, न चालणारे औषध, डॉक्टरांचे नाव व नंबर हे सर्व त्यावर असावे. त्याखाली गावाबाहेरच्या दोन नातलगांचे नंबर, चर्चचा आणि फादरांचा नंबर (प्रोटेस्टंट घरात पाळकांचा), तसेच फादर जवळ नसतील तर जवळच्या दुसऱ्या धर्मग्रामाचा (पॅरिशचा) नंबर असावा. सरकारी नंबरांत ११२ हा सर्व प्रकारच्या मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी आणि समुद्रावर कुणी अडकले असेल तर १५५४ तटरक्षक दलासाठी आहे. कागद बॉलपेनाने किंवा शिसपेन्सिलीने, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहावा. जेल पेन वापरू नये. कागदाच्या दोन प्रती काढून एक बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी आणि दुसरी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे द्यावी. टॉवर बंद असताना नंबरांचा काय उपयोग, असे कुणी विचारील. एका कंपनीचे जाळे बंद पडते तेव्हा दुसऱ्या कंपनीचे पुष्कळदा चालू असते. अशा वेळी शेजाऱ्याचा फोन हातात येतो आणि आपल्याला पाठ असलेला नंबर मात्र एकही नसतो. सगळे मोबाईलमध्ये आहे, हे उत्तर मला कुणी देऊ नये. मोबाईल भिजतो, त्याची बॅटरी उतरते, तो ज्याचा आहे तोच नेमका बाहेरगावी असतो.

काही भाविक घरांत अशा तयारीकडे अविश्वास म्हणून पाहिले जाते. देव सांभाळील, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण तयारीचा कंटाळा झाकण्यासाठी ते वापरले गेले की मला राग येतो. बायबलमधल्या नहेम्याच्या लोकांनी यरुशलेमेचा कोट बांधताना देवाची प्रार्थना केली आणि त्याच वेळी रात्रंदिवस पहाराही बसवला. दहा कुमारींच्या दाखल्यात दिवे सगळ्यांकडेच होते, तेल मात्र पाच जणींनीच बरोबर घेतले होते. प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात आगोटीच्या सुमारास मोठ्याने वाचला जावा असे मला वाटते. तारवावर दोनशे शहात्तर माणसे, वादळाची चौदावी रात्र, कुणाच्या पोटात अन्न नाही, आणि पौल त्यांना आधी काहीतरी खा म्हणून विनवतो, भाकर घेतो, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि स्वतः खाऊ लागतो. ज्याला देवाने सगळे वाचतील असे आधीच कळवले होते, त्याच माणसाने सहप्रवाशांच्या जेवणाची काळजी वाहिली, हे त्या अध्यायात मला सर्वांत मोलाचे वाटते.

आता फादरांविषयी. आजारी माणसाला तेल लावण्याचा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्या माणसासाठी असतो, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे आणि तिच्यामुळे फादरांना बोलावणे लांबणीवर पडते. तो गंभीर आजारात आणि म्हातारपणाच्या अशक्तपणातही घेता येतो, पुन्हाही घेता येतो, आणि तो देण्याचा अधिकार फक्त धर्मगुरूलाच आहे. म्हणून घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल आणि हवामान खात्याने नारिंगी किंवा लाल इशारा दिला, अथवा बंदरावर ३ नंबरचा बावटा लागला, की रस्ता मोकळा आहे तोवर फादरांना निरोप पाठवावा. पापनिवेदन, तेल आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही आदल्या दिवशी झालेले असले की त्या माणसाची रात्र वेगळी जाते. फादर येऊच शकले नाहीत तर काय, याचेही उत्तर ख्रिस्तसभेने देऊन ठेवले आहे: देवावरील प्रेमापोटी केलेला खरा पश्चात्ताप, शक्य होताच पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह, गंभीर पापांचीही क्षमा मिळवून देतो. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात रोमहून याची पुन्हा आठवण करून देण्यात आली होती. तेव्हा पश्चात्तापाची प्रार्थना घरातल्या एकाला तरी तोंडपाठ हवी, म्हणजे आजाऱ्याच्या कानाशी बसून ती सावकाश म्हणता येईल. माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला ती आता लिहिलेली आहे.

त्याच बाजूला आणखी एक गोष्ट लिहावी, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. जन्मलेले बाळ मरणाच्या धोक्यात असेल आणि धर्मगुरू मिळत नसेल तर कोणीही माणूस, ख्रिस्तसभा जे करू इच्छिते तेच करण्याच्या हेतूने, बाप्तिस्मा देऊ शकतो. बाळाच्या डोक्यावर साधे पाणी ओतत, त्याचे नाव घेऊन, ‘मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ एवढे म्हणायचे असते. नंतर धर्मग्रामाला कळवून नोंद करून घ्यायची असते. घाबरलेल्या माणसाला ऐन वेळी शब्द आठवत नाहीत, म्हणून ते कागदावर असावेत.

घरातल्या वेदीपाशी फार काही लागत नाही: क्रूस, पवित्र पाण्याची बाटली, रोझरी आणि २ फेब्रुवारीला आशीर्वादित केलेल्या मेणबत्त्या. काही घरांत वादळ आले की झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) आणलेली झावळी जाळतात. त्या श्रद्धेला मी हात लावत नाही, पण सिलिंडरचा रेग्युलेटर बंद असल्याची खात्री केल्याशिवाय, पडद्याजवळ किंवा वारा शिरत असलेल्या खोलीत ज्योत लावू नये. उजेडासाठी विजेरीच वापरावी. मुलांना प्रभूची प्रार्थना, नमो मरिया आणि शेहेचाळिसावे स्तोत्र पुस्तकाशिवाय यावे. पृथ्वी डळमळली आणि डोंगर समुद्रात कोसळले तरी भिणार नाही, असे सांगणारे हे स्तोत्र कौले उडताना मुलांनी म्हटले की त्यांचे रडे थांबते, हे मी पाहिले आहे. प्रार्थना लांबवू नये. रोझरीची पाच दशके (दशक म्हणजे दहा नमो मरिया) एका दमात म्हणण्याऐवजी एक दशक म्हणावे, उठून घरभर फिरून पाणी कुठून शिरते आहे ते पाहावे, आणि मग पुढचे म्हणावे.

इन्सुलिनविषयी पुष्कळांना भीती असते. बहुतेक प्रकारच्या इन्सुलिनची वापरात असलेली कुपी ऊन आणि उष्णता टाळल्यास फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकते. वीज गेली तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मातीच्या माठात, पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने ठेवावी. बर्फाला चिकटवून ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. बाकीची औषधे पंधरा दिवसांची शिल्लक असावी, दम्याचा पंप जादा असावा, आणि या सगळ्यांची नावे कुठे लिहिलेली असावीत हे मी पुन्हा सांगतो: कागदावर. गोळ्यांची पाकिटे कापून डबीत भरणाऱ्या घरांनी तर कागद अधिकच जपावा, कारण नुसती पांढरी गोळी पाहून कोणताही डॉक्टर ती कशाची आहे हे सांगू शकत नाही.

पाणी माणशी दिवसाला तीन-चार लिटर धरून निदान तीन दिवसांचे भरावे. पाणी शुद्ध करणाऱ्या मेडिक्लोरची बाटली घरात असावी. जुलाब सुरू झाले आणि ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा.

कागदपत्रांत आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती आणि विम्याचे कागद घ्यावेत. बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या दाखल्यांसाठी जीव धोक्यात घालू नये. त्यांच्या नोंदी धर्मग्रामाच्या वहीत असतात आणि दाखला पुन्हा मिळतो. आणि या पिशवीत सर्वांत वर तो कागद.

आपल्या घराबरोबर शेजारचे एक घर धरावे. मुले परदेशी असलेली एकटी म्हातारी, कोळीवाड्यातले पांगळे माणूस, कुणीही असेल, कोणत्याही धर्माचे असेल, त्याला कोण उचलून आणणार हे आधी ठरवून त्या व्यक्तीला सांगून ठेवावे. त्यांच्या औषधांचा कागदही आपणच बसून लिहून द्यावा. धर्मग्रामातल्या युवकांनी हे काम अंगावर घेतले तर एका रविवारी मिस्सानंतर सगळी आळी उरकते.

हे सगळे वर्षातून दोनदा तपासावे, कारण अरबी समुद्रातली वादळे पावसाच्या आधी आणि नंतर अशी दोन्हीकडे येतात: तौक्ते मे २०२१ मध्ये आले, फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी. आमच्याकडे झावळ्यांचा रविवार आणि रोझरीच्या महिन्याची सुरुवात, म्हणजे १ ऑक्टोबर, हे दोन दिवस ठरले आहेत. त्या दिवशी औषधांच्या मुदती पाहायच्या, विजेरीचे सेल बदलायचे आणि कागदावरची बदललेली मात्रा खोडून नवी लिहायची. जुनी मात्रा असलेला कागद नसलेल्या कागदाहून घातक.

घराविषयी थोडक्यात. घरालगतच्या माडांचे नारळ आणि सुक्या झावळ्या मेमध्येच उतरवून घ्याव्यात. पत्र्यांचे हुक आवळावेत. इशारा मिळताच मोबाईल आणि इन्व्हर्टर चार्ज करावेत, पाणी शिरू लागताच मुख्य स्विच बंद करावा. दरडीखालचे घर असेल तर वाट पाहू नये, उजेड असताना निघावे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेत दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

वादळ ओसरल्यावर पडलेल्या तारांना हात लावू नये. साफसफाईआधी फोटो काढावेत, पंचनाम्याला ते लागतात. ढिगारा काठीने हलवावा, फुरसे असते. साप चावल्यास आवळून बांधू नये, कापू नये, थेट सरकारी रुग्णालय गाठावे. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, आणि ताप आला तर पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ते लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार करतील. पुराचे पाणी गेलेल्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडेपर्यंत तिचे पाणी पिऊ नये, आणि पडल्यावरही काही दिवस ते उकळूनच प्यावे.