ग्रहण बघायचंय? मग आधी सूर्याकडे पाठ करा

लोकांना सूर्यग्रहण दाखवायला उभी राहिले की पहिला प्रश्न ठरलेला: "ग्रहणातले किरण वेगळे असतात का हो?" नाही. सूर्य तोच, किरण तेच. एरवी सूर्याकडे बघवत नाही, डोळे आपोआप मिटतात. ग्रहणात उजेड उतरतो, म्हणून बघवतं, आणि उरलेली कोर मात्र तितकीच प्रखर असते. दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे इजा होताना पत्ताच लागत नाही. नजरेच्या मधोमध डाग दिसतोय हे काही तासांनी लक्षात येतं.

"९९ टक्के झाकला असेल तर?" अहो, सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे ४ लाख पट तेजस्वी. त्याचा १ टक्का म्हणजे ४ हजार चंद्र एका बारीक कोरीत कोंबलेले!

माझी लाडकी पद्धत पुठ्ठ्याची. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्याला टाचणीने एकच भोक पाडा. सूर्याकडे पाठ करून पुठ्ठा खांद्याजवळ धरा आणि भोकातून येणारं ऊन समोरच्या पांढऱ्या कागदावर पडू द्या. कागद पुठ्ठ्यापासून मीटरभर दूर असेल तर जेमतेम ९ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा सूर्य उमटतो. कागद लांब नेलात तर बटण मोठं होतं पण फिकुटतं. भोक मोठं केलंत तर उजळतं पण कडा विरघळतात. एकदा हे सगळं समजावून झाल्यावर एका मुलाने भोक थेट डोळ्याला लावलं, "मावशी, यातून बघायचं ना?" तेव्हापासून मी आधी पाठ करायला लावते, मगच पुठ्ठा हातात देते. पुठ्ठा नसेल तर चाळणी धरा, जमिनीवर शेकडो कोरी पडतात. झाडाखालचे कवडसेही बघा, तेसुद्धा कोरीच होतात.

ग्रहण बघायचा चष्मा घेणार असाल तर 'आयएसओ १२३१२-२' हा मानक क्रमांक असलेला घ्या. पण क्रमांक काय, कुणीही छापेल! घरात घालून बघा: खिडकी, माणसं, भिंत काहीही दिसता कामा नये. चरा किंवा भोक दिसलं तर सरळ फेकून द्या. मान खाली घालून चढवायचा, मग वर बघायचं. काढतानाही आधी मान खाली. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, एकावर एक चढवलेले गॉगल, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीच चालत नाही. वेल्डिंगची काच १४ नंबरची असेल तरच.

हा चष्मा घालून दुर्बिणीतून तर मुळीच बघू नका. दुर्बिणीने एकवटलेलं ऊन फिल्टर जाळून डोळ्यात उतरतं. सौर फिल्टर लागतो तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर.

चष्मा काढायची मुभा एकदाच, खग्रास ग्रहणात सूर्य पुरता झाकला गेल्यावर. तीही फार तर साडेसात मिनिटं, बहुतेकदा त्याहून बरीच कमी. चष्म्यातून काहीच दिसेनासं झालं की काढा, मोत्यासारखी प्रभा डोळे भरून बघा. कंकणाकृती ग्रहणात ही मुभा नाही, कारण कडं शेवटपर्यंत उघडंच असतं. खग्रासात कडेला प्रकाशाचा पहिला थेंब चमकला की चष्मा परत डोळ्यांवर. हिऱ्याच्या अंगठीसारख्या दिसणाऱ्या त्या थेंबापाशी मी एकदा क्षणभर जास्त रेंगाळले. नंतर बराच वेळ जिकडे बघेन तिकडे एक हिरवट ठिपका माझ्या आधी पोचत होता.