वकिलाचा खर्च झेपत नसेल तर न्याय कसा मागावा

आयर्लंडमधील जोहाना एअरी यांना पतीपासून न्यायालयीन विभक्तता हवी होती, परंतु वकील करण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते आणि दिवाणी प्रकरणांसाठी तेव्हा तेथे सरकारी साहाय्यही मिळत नव्हते. त्यांनी स्वतःच बाजू मांडावी, हा सरकारचा युक्तिवाद युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९७९ मध्ये फेटाळला. न्यायालयात जाण्याचा हक्क प्रत्यक्षात वापरता आला पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले. तरीही खर्चाच्या धास्तीने हक्क सोडून देणारी माणसे आजही सर्वत्र आहेत. पुढील क्रम त्यांच्यासाठी आहे.

सर्वांत आधी मुदत पाहावी. दावा किंवा अपील दाखल करण्यास कायद्याने ठरवलेली मुदत उलटली, तर नंतर पैसे उभे करूनही बहुधा उपयोग होत नाही. त्याच वेळी घडलेल्या गोष्टी तारीखवार एक-दोन पानांत लिहाव्यात आणि करार, पावत्या, पत्रव्यवहार व संदेश त्याच क्रमाने लावावेत. तासावर फी घेणाऱ्या वकिलाकडे विस्कळीत कागद घेऊन जाणे म्हणजे ते लावण्याचीही फी भरणे होय.

दुसरे काम म्हणजे मोफत साहाय्याची पात्रता तपासणे. येथे अनेक जण स्वतःला आधीच अपात्र ठरवतात, ही मला सर्वांत खेदाची गोष्ट वाटते. भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना उत्पन्नमर्यादा लागू होते. अर्ज तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात करता येतो. अमेरिकेत १९६३ च्या गिडिअन खटल्यापासून गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. दिवाणी दाव्यांत मात्र तसा सर्वसाधारण हक्क नाही, म्हणून तेथे विधी साहाय्य संस्था किंवा विधी महाविद्यालयांची सल्ला केंद्रे गाठावी लागतात.

त्यानंतर न्यायालयाखेरीज मार्ग आहे का, हे पाहावे. नीट लिहिलेली नोटीस, मध्यस्थी, ग्राहक आयोग किंवा लहान रकमांच्या दाव्यांची न्यायालये यांत वेळ आणि पैसा दोन्ही वाचू शकतात. भारतात प्रलंबित दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, परंतु त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून अटी पूर्ण समजल्याशिवाय सही करू नये. जेथे मारहाण किंवा धमकी आहे, तेथे केवळ खर्च वाचवण्यासाठी तडजोडीला बसू नये. समोरच्याला भिणारा माणूस आपली मागणी मोकळेपणाने मांडू शकत नाही.

वकील करायचाच असेल तर पहिल्या भेटीतच फीचे बोलणे करावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. फी तासावर आहे, प्रत्येक तारखेची आहे, टप्प्याटप्प्याने आहे की एकरकमी, हे विचारावे. निकालातून मिळालेल्या रकमेचा वाटा फी म्हणून घेण्याची पद्धत अमेरिकेत अपघाताच्या दाव्यांत सर्रास चालते. भारतात वकिलांना तिची मनाई आहे. ठरलेल्या रकमेत टंकलेखन, प्रवास, नकला आणि तज्ज्ञांचे शुल्क धरले आहे का, मध्येच केलेल्या अर्जांचे वेगळे पैसे लागतील का, प्रत्यक्ष उभे कोण राहणार आणि प्रकरण लवकर मिटले तर उरलेली रक्कम परत मिळेल का, याची उत्तरे लेखी घ्यावीत व प्रत्येक रकमेची पावती मागावी. हरल्यास समोरच्याचा खर्च भरावा लागेल का, हाही प्रश्न विसरू नये. इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे हरणारा तो भरतो, तर अमेरिकेत बहुधा ज्याची फी त्यानेच द्यायची असते. पूर्ण प्रकरण सोपवणे परवडत नसेल, तर केवळ दाव्याचा मसुदा तपासून घेणे किंवा उलटतपासणीची तयारी करून घेणे एवढ्यापुरताही सल्ला घेता येतो का, हे विचारावे.

प्रकरण चालू असताना पैसे संपत आले, तर पुढच्या तारखेपर्यंत गप्प न राहता वकिलाला लगेच सांगावे. हप्ते ठरू शकतात, आणि परिस्थिती बदलल्यास मोफत साहाय्यासाठी मध्येही अर्ज करता येतो. वकील बदलावा लागलाच तर कागद लेखी मागावेत. भारतात थकलेल्या फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. इतर काही देशांत मात्र ते अडवता येतात, त्यामुळे महत्त्वाच्या कागदांच्या प्रती सुरुवातीपासूनच स्वतःकडे ठेवाव्यात.